मागच्या टॉवरची पहिली लाईन

इंद्रभान : तुह्या कामावरच्या धनराजले कायले बोलतं? वायरी त्यानं नाही बांधल्या. म्या बांधल्या.

अनुप : बोलून नाही राह्यलो बाबा, नुसतं इचारलं. सकाळी मी स्वतः एक वायर रस्त्याच्या बाजूनं टाकली अन् दुसरी पलीकडून, शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं. आता येऊन पाहतो तं दोन्ही एकाच बाजूनं, एकमेकीले बांधलेल्या.

इंद्रभान : मंग वाईट काय केलं? एक इकडून, एक तिकडून, सारं मैदान गुंतवून ठेवलं व्हतं तुमी. उद्या धम्म परिषदेले गावोगावचे लोकं येतीन. लेकरं अडकून पडतीन, म्हताऱ्या बाया पडतीन. म्या दोन्ही ओढून रस्त्याकडून नेल्या अन् दर दोन हातावर सुतयीची गाठ मारली. पाह्य न, कशी लाईन दिसते सरय. चाळीस वर्सं केनवडात साउंड सर्व्हिस चालवली म्या. इंद्रभानची वायर लोंबते म्हून कोनी बोललं नाही आजवर.

अनुप : गाठी चांगल्याच हायेत. पण सोडा लागतील.

इंद्रभान : सोडा लागतीन?

अनुप : हाव. उद्या पाण्याचे टँकर रस्त्याकडूनच येतील, जेवणाचे ट्रॅक्टरही. एखाद्याचं चाक गेलं वायरीवरून, तं दोन्ही एकदम जातील. मग दोन टाकल्या कशाले? एक तुटली तं दुसरीनं काम चालावं, म्हणून तं दोन. अन् त्यासाठी दोघींचा रस्ता वेगळा पाहिजे.

इंद्रभान : पन आवाजाले दोन वायरी लागतेच कायले? आमच्या टायमाले मशीनपासून एक जोडी निघे, अन् या भोंग्यावरून त्या भोंग्यावर जाये.

अनुप : त्यात आवाज जायचा बाबा. ह्यात आकडे जातात. तिकडं स्टेजसमोर जे मिक्सर हाय ना, ते आवाजाचे आकडे करून पाठवतं, कॉम्प्युटरसारखे. ते ह्या वायरीनं येतात, ह्या डब्यात उतरतात, ह्याले स्विच म्हणतात. अन् डब्यातून ह्या मशिनीत. मशीन मग त्या आकड्यांचा परत आवाज करतं अन् वरच्या स्पीकरले देतं. मैदानात असे सहा टॉवर. हा तुमचा सगळ्यात मागचा.

इंद्रभान : मशीन कायले म्हनतं बाबू? अँप्लिफायर. तेवढं आमालेबी येते.

अनुप : हो, अँप्लिफायर. एका टॉवरले दोन डबे. पहिली लाईन पहिल्या डब्यात, दुसरी लाईन दुसऱ्या.

इंद्रभान : अन् दोन्ही लाईनीतून येकच आवाज येते?

अनुप : एकच. मशीन दोन्ही ऐकतं, पण घेतं एकीचंच. पहिली गेली की त्याच क्षणी दुसरी. शब्द तुटत नाही.

इंद्रभान : कोनालेच नाही कयत?

अनुप : खाली बसलेल्याले कोनालेच नाही.

इंद्रभान : तुले?

अनुप : मले इथं कळतं, टॅबवर. हे पाहा. सहा टॉवर, सहाही हिरवे. एखादा पिवळा झाला तं समजाचं, एक लाईन गेली पण दुसरीवर आवाज चालू हाय. लाल झाला तं टॉवरच बंद पडला.

इंद्रभान : पिवयं झालं तं काय करतं तू?

अनुप : येतो पाहाले.

इंद्रभान : तिथून, स्टेजपासून?

अनुप : नाही तं काय. एका लाईनीवर सोडून चालते काय? ती गेली तं पुढं काही नाही.

इंद्रभान : तू तं दुधानं तोंड पोयल्यावानी ताकबी फुकून पेतं बावा.

अनुप : पोळलंच होतं. मागच्या साली एका लग्नात डब्यात एक तोंड रिकामं दिसलं म्हणून मंडपवाल्यानं आपल्या कॅमेऱ्याची वायर त्यात खुपसली. लगेच सगळे टॉवर बंद. नवरदेव वरातीत, अन् बॅन्जोवालाही आमाले पाहून हसून राह्यला. म्हणून आता नियमच केला. ह्या लाईनीवर आमच्या आवाजाशिवाय दुसरं काही जाऊ द्यायचं नाही. मोबाईलवर लाइव्ह दाखवणारा येऊ दे, नाही तं आमदाराचा माणूस येऊ दे, डब्याले कोनी हात लावाचा नाही. ते तुमी पाहा.

इंद्रभान : म्हनजे तू मले राखनीले बसवलं.

अनुप : राखणीले नाही बाबा. ऐकाले. टॅबले रंग दिसतो, त्याले कान नाहीत. मागं बसलेल्याले शब्द नीट उमजून राह्यला का नाही, हे माणसानंच सांगावं लागते.

इंद्रभान : हे खरं बोलला. तुह्या मायचं कामच थे व्हतं.

अनुप : मायचं?

इंद्रभान : तुले आठवत नसन. तू पुढं माह्यापाशी, मशीनीच्या पेटीवर झोपे. तुह्या ताईले, धम्मदीपाले, घेऊन तुही माय केशर मांगं जाये, आखरीच्या भोंग्याखाली बसे. मी इकडून हॅलो हॅलो म्हनो. तिले बरोबर ऐकू आलं तं हात वर करे. घुमून राह्यलं असलं तं पदर हालवे. मी भोंग्याचं तोंड जरासं फिरवो, परत हॅलो म्हनो. लोकं म्हनत, इंद्रभानचा आवाज साफ राह्यते. आवाज माहा कायचा साफ? तिचा कान साफ व्हता.

अनुप : आता त्या जागी तुमी.

इंद्रभान : हाव. आता मी. थांब, गाठी मीच सोडतो. धनराजच्या नखानं नाही सुटाच्या.

अनुप : मी धरतो ती बाजू.

इंद्रभान : अनुप, परवा सकायी सामान भरलं की मंग कसं? घरी येशीन न? केनवड काय लय दूर हाय इथून? म्या गादी उन्हात टाकली व्हती.

अनुप : पाहू बाबा. परवा रात्रीपर्यंत ट्रक नांदेडले लागला पाहिजे. तिथं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रोग्राम हाय. उतरवायचं, लाईन टाकायची, सगळं टेस्ट करायचं.

इंद्रभान : तेबी खरं हाय. काम पयले.

अनुप : ताई म्हणत होती तुमची तब्येत चांगली हाय म्हणून.

इंद्रभान : मले काय धाड भरली? चांगला हाय. धर ते टोक, ओढू नको, गाठ आवयते.

(परिषद पार पडल्यानंतरची सकाळ. रिकामं मैदान. मागच्या टॉवरपाशी बाप वायरी गुंडाळतो आहे, लेक एका वायरीचं टोक हातात धरून बसला आहे.)

इंद्रभान : सारे टॉवर उतरवले, ट्रक भरत आला, अन् तू कवाचा ती येकच वायर घेऊन बसला. तिच्यात काय सोनं हाय?

अनुप : फॉल्ट हाय बाबा. अन् तो सापडून नाही राह्यला.

इंद्रभान : कायचा फॉल्ट?

अनुप : काल संध्याकाळी ह्या टॉवरची पहिली लाईन गेली होती. भन्तेजींचं प्रवचन सुरू झालं तेव्हा गेली. शेवटची वंदना लागली तेव्हा परत आली. आपोआप.

इंद्रभान : तुले दिसलं व्हतं काय?

अनुप : दिसलं ना. टॅबवर पिवळं झालं.

इंद्रभान : कवा दिसलं?

अनुप : गेली तेव्हाच. लगेच दिसतं ते.

इंद्रभान : लगेच.

अनुप : हो, का?

इंद्रभान : नाही, काही नाही. मले वाटलं तुह्या टॅबवर आलंच नसन. यंत्र हाय, चुकू शकते.

अनुप : नाही चुकत. हाच तं त्याचा फायदा हाय. आता पाहा, वायर मी दोन्ही टोकांनी टेस्ट केली, चांगली हाय. डबा दुसऱ्या लाईनीले लावून पाह्यला, चांगला हाय. मशिनीचा नेटवर्कमधला पत्ता बदलला नाही, करंट गेला नव्हता. राह्यलं फक्त हे टोक. धनराजनं बसवलं होतं. आतमधी एखादी तार कच्ची धरली असेल, गरम झाली की सुटत असेल, गार झाली की लागत असेल.

इंद्रभान : टोक तं चांगलं दिसून राह्यलं.

अनुप : वरून चांगलंच दिसतं. तुटलेली वायर परवडली बाबा. दिसते तरी, फेकून देता येते. जाते अन् आपोआप येते, तिचा भरवसा नाही. ही घेऊन मी नांदेडले नाही जाऊ शकत. वायर इथंच टाकून देतो, अन् धनराजले सांगतो की आजपासून टोकं तू नको बसवू. तू सामान उचल.

इंद्रभान : एवढ्यावरून?

अनुप : एवढ्यावरून नाही. काल लोकं किती होते पाह्यलं ना तुमी? दुसरी लाईनही गेली असती तं ह्या टॉवरखालचे सगळे मुके बसले असते. उद्या मले कोनी काम दिलं असतं काय? चार वर्षांपासून हाय धनराज माझ्याजवळ, मलेही बरं नाही वाटत. पण काम हे काम हाय.

इंद्रभान : त्याले दोन पोरी हायेत.

अनुप : माहीत हाय.

इंद्रभान : अनुप, तुले पिवयं दिसलं, मंग तू आला काहून नाही?

अनुप : कुठं?

इंद्रभान : इथं. माह्यापाशी. तू म्हनला व्हता, पिवयं झालं की येतो पाहाले.

अनुप : म्हटलं होतं. पण आवाज चालू होता ना. भन्तेजी बोलत होते, माझा हात मिक्सरवर. मनात आलं, दुसरी लाईन हाय, प्रवचन झालं की जाऊ. अन् तुमी इथं बसलेच होते. काही असतं तं तुमी फोन केला असता. मग वंदना लागली अन् हिरवं झालं. म्हटलं, चला, मिटलं.

इंद्रभान : हं.

अनुप : काय झालं?

इंद्रभान : ती वायर चांगली हाय. फेकू नको. धनराजचंबी काही चुकलं नाही. म्या काढली व्हती.

अनुप : काय काढली?

इंद्रभान : पयल्या डब्यातली पयली लाईन. तू दाखवलं व्हतं न, बारीकशी पट्टी दाबली की सुटते. तशी दाबली अन् काढली. अन् वंदनेले परत लावली.

अनुप : चुकून हात लागला?

इंद्रभान : चुकून नाही.

अनुप : बाबा, तुमाले मी कशासाठी बसवलं होतं इथं? डब्याले कोनी हात लावू नये म्हणून. अन् तुमीच? दुसरी वायर धुऱ्यावरून येते, एखादं ढोर गेलं असतं तिच्यावरून, मग? मी सकाळपासून उन्हात बसून शोधून राह्यलो. धनराजले काढाले निंगालो होतो कामावरून.

इंद्रभान : म्हून तं सांगतलं. त्याच्या पोटावर पाय नको म्हून. नाही तं नसतं सांगतलं.

अनुप : पण कशाले काढली?

इंद्रभान : म्या येकच काढली. दुसरीले बोटबी नाही लावलं. लोकाइचं ऐकनं मोडू नाही, भन्तेजीचा येक शब्द तुटू नाही, तेवढी अक्कल हाय मले. काढल्यावर मान वर करून ऐकलं. बराबर चालू व्हतं. तू म्हनला तसंच. कोनालेच नाही कयलं.

अनुप : मी इचारून राह्यलो, काहून काढली?

इंद्रभान : तू येशीन म्हून.

अनुप : मी?

इंद्रभान : दुसरं कोन? धनराज? पिवयं झालं की तू येतं म्हनला. म्हनलं, पिवयं करून पाहू.

अनुप : बाबा, फोन करायचा ना. खिशात फोन असतो तुमच्या.

इंद्रभान : फोन केला असता तं तू म्हनला असता, बोला बाबा, लवकर बोला. मी काय बोललो असतो लवकर? तुह्या फोनवर बोलाले कारन लागते बाबू. मले लाईट बील समजत नाही, गोयी कोन्ती खाची थे समजत नाही, असं काहीतरी लागते. मंग तू सांगतं अन् ठेवतं. चांगलं सांगतं, मी नाही म्हनत नाही. पन कारन संपलं की फोनबी संपते.

अनुप : काल काही झालं होतं काय? तब्येत बिघडली होती?

इंद्रभान : काही नाही झालं. बसलो व्हतो. प्रवचन सुरू झालं, शब्द असा साफ आला, कानात कोनी बोलून राह्यल्यावानी. म्या सवयीनं हात वर केला. आवाज बराबर हाय म्हून. अन् हात वरच राह्यला. म्हनलं, इंद्रभान, तू कोनाले दाखवून राह्यला हात? समोर एवढे लोकं, सारे पाठमोरे. शेजारच्या बाईनं पाह्यलं, तिले वाटलं मले काही इचाराचं हाय. म्या हात खाली घेतला. मंग जीव लागे ना तिथं. केशर असती तं उठून तिच्यापाशी गेलो असतो. म्हनलं, तुले बलवावं. दोन मिनटं उभा राह्यला असता. वायर लावली असती अन् गेला असता. तेवढंच.

अनुप : मी नाही आलो.

इंद्रभान : नाही आला. वाट पाह्यली. चपलाचा आवाज आला की वाटे तूच. येकदा पान्यावालं पोट्टं आलं, येकदा कोनी बाई लेकराले मुतवाले घेऊन आली. मंग वंदना लागली. वंदनेत अशी वायर काढून बसनं बरं नाही वाटलं. लावून देली.

अनुप : अन् मी म्हटलं, मिटलं.

इंद्रभान : तुहं काय चुकलं? आवाज चालू व्हता.

अनुप : असं नका बोलू बाबा.

इंद्रभान : टोमना नाही मारून राह्यलो. खरंच चालू व्हता. मीच इचार केला रातभर, की मशीनीतच काही असन, पोराले दिसलंच नसन. तेवढ्यानं बरं वाटून राह्यलं व्हतं. आता तू म्हनला, लगेच दिसलं.

अनुप : पिवळं दिसलं तेव्हा मनात आलं होतं, बाबा तिथं एकटे हायेत, जाऊन यावं. एकदा नाही, दोनदा आलं. मग म्हटलं ताई तं रोज बोलते तुमच्याशी. ती मले सांगते, बाबा मजेत हायेत. तिच्या भरोश्यावर मी...

इंद्रभान : धम्मदीपाचा फोन रोज नाही येत आता.

अनुप : काय म्हणता? मले तं ती म्हणाली...

इंद्रभान : तिच्यावर जाऊ नको. तिचा पोरगा बारावीले हाय, सासू पडून हाय तिची, मंगरूळपीरात तिलेबी कमी काम नाही. दिवाईपासून असाच, कधी आठ दिवसानं, कधी दहा. तिलेबी वाटत असन, अनुप बोलतेच म्हून. मीच तिले सांगतो, त्याचा फोन येते. अन् तुले सांगतो, तिचा येते.

अनुप : काहून सांगता तसं?

इंद्रभान : मंग काय सांगू? कोनाचाच येत नाही म्हून सांगू? तुमाले तिकडं घोर कायले?

अनुप : घरी कसं करता तुमी? खरं सांगा.

इंद्रभान : खरं सांगू? टीव्ही लावून ठेवतो. पाहत नाही. घरात कोनी बोलून राह्यलं असं वाटावं म्हून. सांज झाली की जास्त खाते घर. ज्याचं जयते त्याले कयते, दुसऱ्याले सांगून काय उपेग? गावात जीव नाही लागत असं नाही, विहारात जातो, पारावर बसतो. पन घरी येऊन कुलूप उघडाचं म्हनलं की पाय मांगं मांगं येतेत. दोन-दोन घंटे बाहीरच बसतो कधी, ओट्यावर.

अनुप : माह्यासंग पुण्याले चला. मागंही म्हटलं होतं मी.

इंद्रभान : थे मले नाही जमाचं. तू दिवसा कामावर, सूनबाई कामावर, लेकरं शायेत. तिथंबी कुलूपच उघडाचं हाय, फक्त चाबी तुही. इथं निदान ओटा माहा हाय. तसं नको करू. त्याच्यासाठी नाही सांगतलं म्या.

अनुप : मंग काय करू? तुमीच सांगा.

इंद्रभान : काही नाही. वायर गुंडाय, ट्रकात ठेव. धनराजले काही बोलू नको. नांदेडले येळ होईन.

अनुप : धनराज! ओ धनराज! ही वायर घे, चांगली हाय. टोक एकदम बराबर बसवलं तू, काही दोष नाही. ऐक, ट्रक घेऊन तुमी निंगा. नांदेडले लाईन तू टाक. एक स्टेजच्या डावीकडून, एक उजवीकडून, एकाच रस्त्यानं नको. डब्यांवर नंबर टाकेल हायेत, त्याच नंबरनं लाव. मी उद्या दुपारून येतो, मग चालू करू. हाव, उद्या. नाही, काही अडचण नाही. घरी जाऊन राह्यलो.

इंद्रभान : कीव करून येऊ नको बरं.

अनुप : कीव नाही.

इंद्रभान : मंग? तुहं काम अडीन. तूच म्हनला, सगयं टेस्ट करा लागते.

अनुप : धनराजले येते सगळं. मघाशी मी त्याले काढाले निंगालो होतो अन् आता सारं त्याच्यावर सोपवून राह्यलो, तुमी पाहता ना. पिवळं पाहून मी काल उठलो नाही बाबा. ते मले आता सहन नाही होऊन राह्यलं. नांदेडले गेलो तं रस्ताभर तेच डोक्यात राहीन. मले तुमच्यापाशी बसाचं हाय, बस.

इंद्रभान : येक रात.

अनुप : एकच रात. खोटं नाही बोलत. पुन्हा कधी येईन तेही मले आज सांगता नाही येत.

इंद्रभान : नको सांगू. सांगतलं की मानूस वाट पाहाले लागते.

अनुप : इथल्या मंडपवाल्याची गाडी हाय, जवळच मालेगावात, ती घेतो. चला, उठा. हात द्या.

इंद्रभान : उठतो मी, हाताची गरज नाही. बरं, राहू दे, धरला तं धर.

अनुप : मालेगावात खानावळ उघडी असन. जेवण बांधून घ्याचं काय?

इंद्रभान : खानावयीचं नको. घरी पीठ हाय, दायबी हाय. भाकरी मी करतो.

अनुप : तुमी कराल?

इंद्रभान : कराले येते मले. रोज करतो. फक्त पीठ किती घ्याचं, थे तू सांगजो. येकट्याचाच अंदाज राह्यला आता मले.